सरकारी पत्रावरचा मासा

१ एप्रिल

पहिलेच कबूल करून टाकतो, उद्या हिंमत राहणार नाही. मी सरकारचं खोटं पत्र बनवलं आणि काकाच्या मेलबॉक्समध्ये टाकलं.

चूक काकाची आहे. क्युबेकमधल्या ब्रॉसार्डच्या या डुप्लेक्समध्ये खाली आई, बाबा आणि मी. वर बळवंतकाका, उमाकाकू आणि त्यांची आठ वर्षांची कोमल. घर दोघा भावांनी मिळून घेतलं, मॉर्गेजवर दोघांच्या सह्या. जेवण रविवारी एकत्र, भांडण रोज एकत्र. सध्या भांडण एकच. क्युबेक कॅनडातून बाहेर पडलं तर कॅनडाच्या कर्जातला त्याचा वाटा कोण देणार? टीव्हीवर रेफरेंडम रेफरेंडम चालू असते आणि हे दोघं सोफ्यावर बसतात, बाबा ओटावाचं सरकार आणि काका क्युबेक होऊन.

बाबा म्हणतात, "लोकसंख्येप्रमाणे वाटा उचला, मंग जा."

"कागदावर सही कोणाची? ओटावाची. जाणाऱ्याले बिल नाही, भाऊ."

"बाबासाहेबांनी भारताले युनियन काऊन म्हटलं, मालूम आहे ना? कोणाले निघताच येऊ नये म्हणून. दरवाजाच ठेवला नाही."

"इथं आहे ना दरवाजा! मंग बिल दाखवा. कुठाय बिल?"

मी मधात तोंड घातलं तर काका माझ्यावर उलटला. "तू चूप बे. कॉलेज सोडून टायर बदलून राहिला अन् आम्हाले देशाचं कर्ज शिकवतो."

पाहिजे ना बिल? घे. गॅरेजच्या कॉम्प्युटरवर लंचमध्ये बनवलं. वर फ्रेंच, खाली इंग्लिश, दोन्ही गूगलनं करून दिलं. नाव दिलं 'कर्ज पूर्व-विभाजन आयोग'. देशाच्या कर्जाला माणसांनी भागलं, त्याला वरच्या तिघांसाठी तीननं गुणलं: तुमच्या घराचा वाटा ९३,४१७ डॉलर ६० सेंट. साठ सेंट मुद्दाम टाकले, राउंड फिगरवर कोणी भरवसा करत नाही.

खाली तीन नियम. हे मी हवेतून नाही काढले. इंग्लंड युरोपच्या युनियनमधून निघालं तेव्हा त्यांना पण बिल लागलं होतं, त्याच्या व्हिडिओतून उचलले. एक, निघायच्या दिवसापर्यंतचा वाटा द्यायचा. दोन, एकत्र असताना जे कबूल केलं ते निघाल्यावर पण द्यायचं. तीन, म्हाताऱ्यांची पेन्शन मिळूनच द्यायची, शेवटपर्यंत. आणि शेवटी फॉर्म बी: तुम्ही राहणार की जाणार, एकवीस दिवसांत कळवा.

उजव्या कोपऱ्यात शिक्का म्हणून लाल मासा. इथे एक एप्रिलला लोकांच्या पाठीवर कागदाचा मासा चिकटवतात आणि 'प्वासों दाव्रिल' ओरडतात, म्हणजे आपलं एप्रिल फूल. पहिलीतल्या पोराला पण कळते. काकाला पाच मिनिटांत कळेल, तो खाली येऊन मला शिव्या देईल, बाबा हसतील, खतम.

ही वही मी बेसमेंटमध्ये जुन्या विंटर टायरच्या बॅगेत ठेवतो. चेन नेहमी उजवीकडे ओढून. कोणी हात लावला तर समजेल.

२ एप्रिल

काका आला नाही. मेलबॉक्स रिकामा आहे, झाकण उघडून पाहिलं.

काकू जिन्यात भेटली. म्हणाली, "योगेश, आमच्या गाडीचे टायर कधी बदलतो रे?" तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. काही नाही. जरा जास्तच काही नाही.

५ एप्रिल, रविवार

आईनं सावजी चिकन केलं होतं. टीव्हीवर रेफरेंडम. बाबा म्हणाले, "वाटा उचलावाच लागते." आम्ही सगळे काकाकडे पाहून राहिलो.

काका म्हणाला, "बरोबर आहे, भाऊ."

बरोबर आहे! इथं आल्यापासून सहा वर्षांत काकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बाबा पण दचकले, रिमोट खाली पडला. हा माणूस मला ओळखून आहे. गप्प राहून मला शिजवून राहिला. जेवण झाल्यावर माझ्याकडे पाहून हसला पण.

१२ एप्रिल

काकाला फोन घरात चालत नाही आता. पार्किंगमध्ये, त्या काळ्या पडलेल्या बर्फाच्या ढिगाजवळ उभा राहून बोलतो. मी रिसायकलिंगचा डबा ओढत ओढत मागून गेलो. 'व्हिटबी' ऐकू आलं. दोनदा. व्हिटबी म्हणजे ऑन्टारिओ. म्हणजे क्युबेकच्या बाहेर.

डब्यात पाहिलं तर काकूच्या फ्रेंचच्या वह्या. सगळ्या. काकू नागपूरला नऊ वर्षं नर्स होती. इथं लायसन्ससाठी फ्रेंचची परीक्षा लागते, तिच्यात ती दोनदा नापास झाली, म्हणून वेअरहाउसमध्ये डबे पॅक करते. तिसरी परीक्षा मे महिन्यात आहे. मग वह्या आत्ताच काऊन फेकल्या?

कोमलला चॉकलेट देऊन विचारलं. ती म्हणे, "वी ऑलरेडी पिक्ड माय रूम. इट्स पर्पल."

"कुठं?"

"व्हिटबी, ड्यूड. ऑन फॅमिली डे."

फेकते. फॅमिली डे फेब्रुवारीत असतो आणि ती सुट्टी ऑन्टारिओत मिळते, आपल्याकडं नाही. पत्र मी टाकलं एप्रिलमध्ये. पोरगी माझ्यावरच गेली.

पण व्हिटबी खरं आहे. काका त्र्याण्णव हजाराला भिऊन पळून जाऊन राहिला, आणि ते माझ्यामुळे. तो गेला तर मॉर्गेज बाबांवर. बाबा एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधतात, पगार बरा आहे, पण एवढा बरा नाही. घर जाईल.

उद्या सांगून टाकतो. माझी मस्करी होती म्हणून.

१५ एप्रिल

नाही सांगितलं. आज चौकशीवाला आला.

राखाडी कोट, हातात लेझरचं यंत्र. भिंती मोजल्या, बेसमेंट मोजलं, बाहेर जाऊन मेलबॉक्सचा फोटो काढला. मेलबॉक्सचा! मी वॉशरूममध्ये चाळीस मिनिटं बसून होतो. तो गेल्यावर आई म्हणाली, "बँकेचा माणूस होता रे, घराची किंमत काढायला."

बँकेचा. खोट्या पत्राच्या तपासाला आलेला माणूस काय सांगणार, मी पोलीस आहे म्हणून?

आणि अजून एक. टायरच्या बॅगेची चेन डावीकडे होती. आईनं व्हॅक्यूम करताना ढकलली असेल. असेल ना?

१९ एप्रिल, रविवार

काल हॉलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम झाला, दोघं भाऊ एकाच गाडीत गेले आणि एकाच गाडीत आले, रस्त्यात एकदाही भांडले नाहीत. आज जेवताना काकानं खिशातून पत्र काढलं. माझं. घडी घालून घालून मऊ झालेलं.

"भाऊ, हे आलं."

बाबांनी चष्मा लावला. बाबा शाम्पूच्या बाटलीवरची पण स्पेलिंगची चूक काढतात. त्यांनी पूर्ण पत्र वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. बोट ओळीवरून सरकत सरकत माशावर येऊन थांबलं. आता म्हणतील, आता म्हणतील.

"हं," बाबा म्हणाले. "सरकारी दिसते."

काका ताटात पाहून म्हणाला, "फॉर्ममध्ये 'जाणार' लिहावं लागते असं वाटते."

"व्हिटबीले काय?"

काकानं मान हलवली. त्याचा भातातला हात थांबला होता. काकू उठून सिंककडे गेली आणि धुतलेलीच भांडी धुवायला लागली.

मी म्हटलं, "बाबा, ते पत्र..."

"योगेश, पाणी आण."

आणलं. "बाबा, तो मासा..."

"मीठ आण."

मीठ त्यांच्या समोरच होतं.

आता खाली बेसमेंटमध्ये आल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. काकानं व्हिटबीचं नाव घेतलंच नव्हतं. मग बाबांना कुठून कळलं? या घरातून कोणीतरी माहिती लीक करून राहिलं.

२६ एप्रिल, रविवार

वाटणीची बोलणी. टेबलावर चहा, चिवडा आणि मधोमध माझं पत्र, मिठाच्या बाटलीखाली दाबलेलं.

बाबा म्हणाले, "बँकेनं सांगितलं, मले एकट्याले एवढं कर्ज मिळत नाही. तुझा अर्धा भाग आज देतो म्हटलं तं घर विकावं लागते."

मी खुर्चीत आत आत जाऊन राहिलो.

काकानं पत्र ओढलं. "नियम दोन पाहा ना, भाऊ. एकत्र असताना जे कबूल केलं ते निघाल्यावर पण. मॉर्गेजच्या रिन्यूअलले दोन वर्षं आहे. तवरी माझी सही राहते. वरचं भाड्यानं द्या, भाडं हप्त्यात टाका, कमी पडलं तं मी."

"अन् छत? उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं."

"छत एकत्र असतानाच ठरलं. अर्धं माझं."

"तू तं तिकडं राहशील. पाणी माझ्या डोक्यावर गळन."

"नियम आहे, भाऊ. मी काय करू?"

बाबांनी बोट खाली सरकवलं. "नियम तीन."

"नागपूरले आईचे महिन्याचे पैसे ना? ते काय विचारता."

मग बाबा म्हणाले, "तू तं म्हणत होता, जाणाऱ्याले बिल नाही."

"मी म्हटलं होतं, बिल दाखवा. आलं ना बिल."

दोघं हसायला लागले. खूप हसले. काका तर इतका हसला की नॅपकिन डोळ्यांवर धरून वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. आई मला म्हणाली, तू जा खाली.

म्हणजे दोन वर्षं घर जात नाही. पण हा देश-बिश सोडून, घरातली वाटणी माझ्या गूगलच्या फ्रेंचवर चालली, हे कोणालाच विचित्र वाटून नाही राहिलं?

बाबांनी पत्र नवीन फाइलमध्ये घातलं, वर 'सरकारी' अशी चिठ्ठी टेपनं लावली. टेपचं टोक दुमडून ठेवलं. ते नेहमीच तसं करतात, नंतर काढणाऱ्याला नखं घासावी लागू नये म्हणून. फाइल त्यांच्या कपाटात गेली, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

३ मे

नागपूरला आजीला व्हिडिओ कॉल. गंगुबाई आजीची एकच अट होती. दोघं इकडं यायला निघाले तेव्हा तिनं दोघांचे हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतले होते: माझ्या जिवात जीव आहे तोवर घर वेगळं करायचं नाही.

बाबा काकाकडं बोट दाखवून म्हणाले, "आई, बाल्याले दुसऱ्या गावाले जावं लागते. सरकारचा कायदा आला."

"वेगळे झाले काय रे तुम्ही?"

"नाही वं माय, वेगळे कशाचे! हे पाय, पत्र आहे." बाबांनी पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांचा अंगठा नेमका माशावर आला होता. नशीब माझं. "एका घरात दोघं भाऊ राहिले तं दुप्पट भरा म्हणते. म्हणून अलग अलग पत्ता पाहिजे. फक्त पत्ता."

असं मी कुठंच लिहिलेलं नाही! बाबांचं इंग्लिश एवढं पक्कं, दोनदा वाचलं, तरी असा अर्थ कसा काढला? काका बाजूला बसून मान डोलवत होता, "हो ना आई, कायदाच आहे."

आजी पत्राकडं डोळे बारीक करून पाहत राहिली. मग म्हणाली, "मेलं सरकार! भावाभावाले तोडते. ज्यानं हे लिहिलं ना, त्याचे हात झडो."

मी हात जॅकेटच्या खिशात घातले. काका माझ्याकडं पाहून खोकला.

२० जून

दीड महिना काही लिहिलं नाही. टायरचा सीझन होता, आणि लिहायची भीती पण वाटत होती. वर खोकी भरून राहिले. छताचा माणूस येऊन गेला, काकानं अर्धा चेक दिला.

आज एक जुलैच्या ट्रकचा विषय निघाला. इथं निम्मे लोक त्याच दिवशी घर बदलतात. माझ्या गॅरेजचा मालक रेजाँ म्हणाला, "एक जुलैचा ट्रक? तो फेब्रुवारीत बुक करावा लागतो, माँनामी. एप्रिलनंतर हातगाडी पण नाही मिळत." काकाला मात्र मिळाला. मोठा, सोळा फुटी. काकाची वर कुठंतरी सेटिंग आहे.

संध्याकाळी बाबा गाडी धूत होते. मी पाईप धरला आणि हिंमत केली. "बाबा, समजा ते पत्र खरंच नसेल तर?"

बाबा चाक पुसत राहिले. "खरं नसतं तं बाल्या कशाले गेला असता? माझा भाऊ मले उगाच सोडून जाईल काय?"

मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. पाईपचं पाणी माझ्याच बुटात जाऊन राहिलं होतं.

"पत्र सरकारचं आहे, योगेश. समजलं?"

"हो."

किती भोळा माणूस आहे. मला रडू आलं, पण पाण्यात कळलं नाही.

१ जुलै

बाकी देशात आज कॅनडा डे, परेड, फटाके. आमच्या गल्लीत सगळे फ्रिज उचलून राहिले होते. एकच झेंडा दिसला, तो पण कोणीतरी सोफ्यावर अंथरला होता पाऊस येईल म्हणून.

ट्रक दुपारी भरून झाला. कोमल म्हणाली, "बाय योगीदादा, यू कॅन स्लीप ऑन माय फ्लोर." काकूनं मला जवळ घेतलं. तिच्या पर्समधून हॉस्पिटलचं नवीन आयकार्ड लटकत होतं, काकूचा फोटो, व्हिटबीचा पत्ता. फोटोत ती हसत होती. वेअरहाउसच्या कार्डावर कधी हसली नव्हती.

काका म्हणाला, "नट टाइट केले ना बे?"

"केले."

"देशाचं कर्ज सोड. टायर मात्र तू चांगले करतो." आणि मला मिठी मारली, बरगड्या मोडतील अशी.

दोघा भावांनी मिठी नाही मारली. बाबांनी ट्रकची दोरी ओढून पाहिली, परत ओढून पाहिली.

"पोचला की फोन कर."

"करतो. हप्ता पंधराले जमा होते."

"मालूम आहे. जेवून जा रस्त्यात. किंग्स्टनले थांब."

"हो, भाऊ."

ट्रक वळला. बाबा रिकाम्या जागेत उभे राहिले, तेलाच्या डागाकडे पाहत. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "जा, दूध आण. चहा पिऊ."

कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घेऊन वळलो तर काउंटरवरची पोरगी खिदळायला लागली. "मस्यू! प्वासों दाव्रिल? जुलैमध्ये?"

पाठीवर हात फिरवला. मासा. लाल. माझाच मासा, पत्रावरचा, चारही बाजूंनी सरळ कापलेला. टेपचं टोक दुमडलेलं होतं म्हणून लगेच निघून आला.

तिथंच दुधाची थैली घेऊन खाली बसलो. म्हणजे काकाला माहीत होतं! मिठी मारताना चिकटवला त्यानं. मग तो पत्राला भिऊन गेलाच नाही. कोमल फेकत नव्हती. ट्रक खरंच फेब्रुवारीतला होता. काकूला फ्रेंचशिवाय नर्सची नोकरी तिकडं मिळाली होती आणि काकाच्या तोंडून भावाला 'जातो' निघत नव्हतं, म्हणून माझं पत्र पुढं केलं. वा रे काका. मला तीन महिने भाजून काढलं.

घरी आलो. बाबा कपाट उघडं टाकून चहा ठेवायला गेले होते. फाइल काढून पाहिली. पत्र जागेवर, कोपऱ्यात चौकोनी भोक. किल्ली बाबांच्या खिशात असताना काकानं कापलं कसं, देव जाणे. मी पहिल्या दिवसापासून म्हणतो, तो माणूस डेंजर आहे.

आता एकच काळजी. बाबांना काहीच माहीत नाही. ते अजून धरून आहेत की भाऊ सरकारनं नेला. चहा पिताना पण म्हणाले, "कायदा आहे, काय करणार." आणि बशीत ओतलेला चहा पिलाच नाही.

आत्ता खाली आलो तर बॅगेची चेन परत डावीकडं. आज आईनं व्हॅक्यूम केलेलं नाही.

म्हणून जो कोणी ही वही वाचून राहिला त्याला सांगतो. तू कोण आहे मला माहीत नाही. आई असशील, घरमालकीण शोधायला आलेला भाडेकरू असशील, राखाडी कोटवाला असशील. तुझ्या पाया पडतो. मला काय करायचं ते कर, पण बाबांना सांगू नको. पत्र खोटं आहे हे त्यांना कळलं तर भाऊ स्वतःहून गेला हे पण कळेल, आणि ते त्यांना झेपणार नाही. नागपूरला तर एक शब्द जाऊ देऊ नको. आजीला दोन्ही पोरं एकाच घरात आहेत, फक्त पत्ते दोन आहेत. तिचं तसंच राहू दे.

वाचलं ना? चेन उजवीकडे ओढ, वर जा, चहा पी. आणि कोणाला, अगदी कोणालाच, सांगू नको.